ठक्क वाजणारा डबा

सुतार फळी घेताना ती बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत वाजली तर लाकूड सुकलेलं आहे, आतून पोकळ नाही, याची खात्री पटते. स्पीकरचा डबा जोडून झाल्यावर मीही त्याच्या कुशीवर पेर मारतो, पण मला खणखणाट नको असतो. नुसतं ‘ठक्क’ यावं, मागे काही रेंगाळू नये. महाडला ज्यांच्याकडून फळ्या कापून घेतो त्या सुतारकाकांना हे बरेच दिवस पटत नव्हतं. “अरे, मुकं लाकूड कशाला मागतोस?” ते विचारायचे. त्यांचं बरोबरच होतं. दक्षिणेत मृदंगाचं खोड फणसाचं करतात ते त्याच्या नादासाठीच. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा पारखून घेतात तोही नादासाठी. वाद्याने स्वतः बोलायचं असतं. डब्याने मात्र बोलायचं नाही. सनई सनईसारखी आणि ढोल ढोलासारखा ऐकू यायचा तर लाकडाने आपला सूर त्यात मिसळता कामा नये. या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

मुळात डबा लागतोच कशाला? चार इंची स्पीकर नुसता टेबलावर ठेवून खालूबाजाचं रेकॉर्डिंग लावा. सनई येते, ताशाही तडतडतो, ढोल मात्र जवळजवळ नाहीसा झालेला असतो. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या सुरांच्या लाटा लांब, 65 हर्ट्‌झची लाट पाच मीटरहून मोठी. एवढ्याशा स्पीकरच्या कडेवरून ती सहज वळते, पुढची आणि मागची लाट भेटतात आणि एकमेकींना पुसून टाकतात. तोच स्पीकर पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला भोक पाडून त्यात बसवला की ढोल परत येतो. हा बदल कानांनी ऐकण्यासारखा आहे. मी भाच्यांना तो नेहमी करून दाखवतो. बंद डबाही हेच करतो, मागची लाट आत कोंडून ठेवतो.

अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांनी मागचा आवाज कोंडून न ठेवता नळीवाटे कामाला लावायची युक्ती काढली. 1932 साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात घुमते, तसा आतल्या हवेचा आणि नळीतल्या हवेचा मिळून एक सूर ठरतो. सात लिटरच्या डब्याला आतून चार सेंटिमीटर व्यासाची, दहा सेंटिमीटर लांबीची नळी बसवली तर तो सूर साधारण 65 हर्ट्‌झवर येतो. नळी निम्मी कापली की ऐंशीच्या वर जातो. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप आणि करवतीचं पातं, एवढ्या सामानावर हे सारं जमतं.

आणि माठ! चहाच्या टपरीवर नाहीतर गॅरेजात मातीच्या माठाच्या तोंडावर बसवलेला स्पीकर तुम्ही पाहिला असेलच. गोल भिंत सपाट फळीपेक्षा ताठ असते, त्यामुळे ती थरथरत नाही. आत समोरासमोर सपाट बाजू नाहीत, त्यामुळे आवाज दोन भिंतींत टोले खात बसत नाही. ज्याने कुणी पहिल्यांदा हे केलं त्याच्या कानाला माझा नमस्कार.

न हलणाऱ्या भिंतीचं मोल कळायला आम्हाला लांब जावं लागत नाही. रायगड आमच्याच तालुक्यात. राजसभेत सिंहासनाच्या जागी हळू बोललेलं नगारखान्याच्या दारात ऐकू येतं, अंतर सुमारे 65 मीटर. दगड आवाज गिळत नाही, त्याच्याबरोबर थरथरतही नाही, आला तसा परत देतो. हिरोजी इंदुलकरांनी बांधलेल्या त्या सभेत उभं राहिलं की बारा मिलिमीटरचा प्लाय वापरायचा मोह मला होत नाही. अठराचाच घेतो, आणि मोठा डबा असेल तर समोरासमोरच्या बाजूंना जोडणारी एक आडवी पट्टीही आत टाकतो.

आमच्याकडे खरी गाठ पडते ती पावसाशी. डबा हवा असतो गणपतीला, मुंबईकर घरी येतात तेव्हा, आणि श्रावण-भाद्रपदात सावित्रीच्या काठी काही म्हणता काही वाळत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर महाडच्या रस्त्यांवर भिजल्या सामानाचे ढीग लागले होते. पार्टिकल बोर्डाचं काय होतं ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं, फुगून त्याचा भुगा हातात येत होता. सागाच्या जुन्या फळ्या धुऊन सावलीत वाळवल्यावर पुन्हा कामाला आल्या. तेव्हापासून जुन्या दाराची फळी कुठे मिळाली तर मी सोडत नाही.

प्लाय असला तर त्याच्या कडा आधी बंद करायच्या, पाणी तिथूनच शिरतं. भुसा फेविकॉलमध्ये कालवून कडेवर अंगठ्याने दाबत न्यायचा, सुकला की 120 चा पॉलिश पेपर, मग 220. तळहात फिरवला की डोळ्यांना न दिसणारा उंचवटा लागतो. आतल्या बाजूलाही हात मारायचा, नाहीतर एकीकडून दमट आणि एकीकडून बंद अशी फळी वाकते. बाहेरून मला चपडी पॉलिशच आवडतं. स्पिरिटमध्ये विरघळलेली लाख, मऊ कापडात बांधलेला कापसाचा बोळा आणि न थांबणारा हात. थांबलात की तिथे डाग. फणसाच्या फळीचा पिवळा रंग पहिल्याच हाताला मधाळ होतो. पण हवेत ओल असेल तर पॉलिशवर पांढरट झाक येते. म्हणून गणपतीला डबा मी कोराच देतो आणि दसऱ्यानंतरच्या कोरड्या उन्हात पॉलिशला परत मागून घेतो. लोकांना ते विचित्र वाटतं, पण माझा आग्रह मोडत नाही.

पोलादपूरच्या मामांना असाच एक नळीचा डबा दिला होता. मामा वारकरी, संध्याकाळी कीर्तन लावून बसतात. दोन-तीन दिवस ऐकून म्हणाले, “पखवाज छान वाजतोय रे, पण बुवांचा शब्द त्याच्याखाली जातोय.” नळीत सुती फडकं कोंबलं. पखवाजाची धुमी आवरली, शब्द वर आला. मामांनी मान डोलावली. तरण्या पोरांना अजून बेस हवा असतो, त्यांना मी नळी देतो. मामांसाठी आता नवा डबा करतोय, पूर्ण बंद, आत कापूस भरून, फणसाच्या फळीचा. फळ्या कापून झाल्यात, पुढच्या उघडिपीत जोडायला घेईन.