सरकता दरवाजा

मारुती व्हॅनला नाकच नव्हतं. इंजिन पुढच्या सीटखाली, चालक थेट पुढच्या चाकांवर, आणि काच संपली की रस्ता. म्हणून जेमतेम अकरा फुटांच्या लांबीतली बहुतेक जागा माणसांच्या वाट्याला आली. सुझुकीच्या कॅरी या जपानी गाडीवरून ती १९८४ साली भारतात घडली. पुढे तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद पस्तीसेक अश्वशक्ती. भरलेली व्हॅन घाटात कण्हत चढायची हे खरं, पण पुण्याच्या पेठांत किंवा कोल्हापूरच्या गल्ल्यांत याहून जास्त ताकद लागतेच कुठं?

तिचं खरं वैभव म्हणजे सरकता दरवाजा. घर्रर्र करत मागं जायचा, धाडकन बंद व्हायचा. एका बाजूला लावलेल्या सायकली, दुसरीकडे भाजीची हातगाडी. अशा ठिकाणी बाहेर उघडणारं दार अर्ध्यावरच अडतं. गुडघे दुखणारी आजी आधी सीटवर टेकायची, मग सावकाश पाय आत घ्यायची. शाळेची मुलं मात्र दप्तरं मागं टाकून ‘काका, आज खिडकी माझी!’ म्हणत घुसायची. सकाळी कोपऱ्यावर हॉर्न वाजला की घराघरांत डबे भरायची घाई उडायची. कुणाची परीक्षा आहे, कुणाला गाडी लागते, कुणाची आई उशिरा घरी येते, सगळं त्या व्हॅनकाकांना ठाऊक. शहरातली किती बालपणं त्यांच्या भरवशावर शाळेत पोचली! सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीतून रुखवत जायचं, मागची सीट काढली की आचाऱ्याची पातेलीही.

पण नाक नसण्याची किंमत होती. समोरून धडक बसली तर चालकाच्या गुडघ्यांपुढं पत्र्याखेरीज फारसं काही नव्हतं. सुरक्षेचे नियम कडक झाले आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ते योग्यच झालं; मुलांच्या जिवापुढं आपला जिव्हाळा मोठा नाही.

मला सलतं ते त्यानंतरचं. पेठांतले रस्ते तेवढेच राहिले, गाड्या मात्र रुंद आणि उंच होत गेल्या. एकट्या माणसाला कोपऱ्यापर्यंत न्यायला टनाहून जास्त लोखंड हलतं, आणि शाळेपुढची गल्ली तुंबते. आपल्याकडं उत्तम अभियंते आहेत. त्यांनी छोटी, हळू, विजेवर चालणारी आणि धडकेत माणूस वाचवणारी प्रवासी व्हॅन करावी, आणि महापालिकांनी जुन्या वस्त्यांत मोठ्या गाड्यांआधी तिला वाट द्यावी.