टो बारआधी गाडीला विचारा

उन्हाळा लागला की लीड्सहून स्कारबरोकडे जाणारा ए-६४ शुक्रवारी दुपारपासून तुंबतो. दर पाच-सहा गाड्यांमागे एक कॅरॅव्हॅन. इथल्या मराठी घरांतही आता गाडीमागे कॅरॅव्हॅन ओढत सुट्टीला जाण्याचा विचार मूळ धरू लागलाय आणि त्यामागची कारणं अगदी घरगुती आहेत. गावाहून आलेल्या आई-बाबांना तंबूत जमिनीवर झोपणं गुडघ्यांमुळे जमत नाही. ऑगस्टमध्ये समुद्राकाठच्या हॉटेलात दोन खोल्या घ्यायच्या तर खिसा रिकामा होतो. शिवाय सकाळचा चहा आणि रात्रीचा वरणभात हातचा हवा असतो. मग गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला जमलो की कॅरॅव्हॅन गाडीला जोडायच्या दांड्याबद्दल कुणीतरी विचारतंच, ‘‘तुम्ही टो बार केवढ्याला बसवलात?’’

माझं कळकळीचं सांगणं एवढंच की किमतीचा प्रश्न नंतर. आधी गाडीला विचारा, तुला किती झेपतं?

गाडी त्याचं उत्तर छापूनच घेऊन आलेली असते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक छोटी पट्टी असते. तिच्यावर किलोचे चार आकडे एकाखाली एक लिहिलेले असतात. पहिला भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाचा, दुसरा गाडी आणि मागचा ट्रेलर मिळून होणाऱ्या वजनाचा, उरलेले दोन पुढच्या-मागच्या आसांचे. आमच्या गाडीवर १९०० आणि ३४०० आहेत, म्हणजे ओढायला जास्तीत जास्त १५००. दुसरा आकडाच नसेल, तर ती गाडी ट्रेलर ओढण्यासाठी नाही असं समजून विषय तिथेच संपवावा. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांचं असंच असतं. त्यातल्या काहींना फक्त सायकलींच्या रॅकपुरता टो बार चालतो.

पण १५०० चालतात म्हणून १५०० ओढू नयेत. इथले अनुभवी लोक भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. हा कायदा नाही, सल्ला आहे, पण नवशिक्याने तो कायद्यासारखा पाळावा. आमची गाडी रिकामी १३५० किलोची, म्हणजे आमची मर्यादा साधारण ११५०. त्यामुळे मनात भरलेल्या दोन मोठ्या कॅरॅव्हॅन आम्ही यादीतून काढल्या.

लायसन्सचा प्रश्न सुदैवाने सुटलाय. भारतातलं लायसन्स इथे बारा महिनेच चालतं, मग परीक्षा इथलीच. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांचं लायसन्स १ जानेवारी १९९७ नंतरचं. अशांना मोठा ट्रेलर ओढायला पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. परवानगी मिळाली, हात मात्र आपला आपणच बसवायचा. कॅरॅव्हॅनवाल्यांचे क्लब एका दिवसाचे वर्ग घेतात, तिथे जरूर जावं.

आता टो बारच्या प्रकारांकडे. कायम जोडलेला, काढता येणारा आणि बटण दाबल्यावर बंपरखाली लपणारा, असे तीन सर्रास मिळतात. ज्यावर ट्रेलर अडकवायचा तो गोळा तिन्हींवर सारखाच, ५० मिलिमीटरचा. दर आठवड्याला ट्रेलर लावणाऱ्याला कायमचा स्वस्त आणि मजबूत पडतो. वर्षातून चार-पाच वेळा लागणार असेल तर काढता येणारा घ्यावा असं माझं मत आहे. एकतर रिकाम्या गोळ्यावर नडग्या आपटतात. दुसरं म्हणजे, काढता येणाऱ्या दांड्यामुळे नंबरप्लेट झाकली जात असेल, तर काम नसताना तो काढणं बंधनकारक आहे. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदवलेल्या गाडीला मान्यताप्राप्त टो बारच लागतो. त्याच्यावर मंजुरीचा क्रमांक ठोकलेली पट्टी असते, ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या बाजारात मिळणारा ‘कुठल्याही गाडीला बसेल’ असा दांडा घेऊ नये.

खरा खर्च आणि खरा फरक वायरिंगमध्ये आहे, लोखंडात नव्हे. नव्या कॅरॅव्हॅनना तेरा पिनांचं सॉकेट लागतं. त्यातूनच ट्रेलरचे दिवे, रिव्हर्सचा दिवा, आतल्या फ्रिजला आणि बॅटरीला वीज असं सगळं जातं. स्वस्तातलं वायरिंग गाडीच्या दिव्यांवरून नुसता इशारा उचलतं. गाडीच्या कॉम्प्युटरला मागे काही जोडलंय याचा पत्ताच नसतो. खास त्या मॉडेलसाठीचं वायरिंग घेऊन कॉम्प्युटरमध्ये तशी नोंद केली, की गाडी मागचे सेन्सर आपोआप बंद करते. आणि ट्रेलरसाठीची स्थिरतेची सोय तिच्यात असेल, तर मागचं धूड डोलायला लागताच एकेका चाकाचा ब्रेक लावून ते सावरते. ज्या गाडीत पोरं बसणार, तिथे ही सोय सोडून पैसे वाचवणं मला पटत नाही.

आमचा टो बार बसवताना मी वर्कशॉपमध्ये उभा राहून पाहिलं. फिटरने मागचा बंपर अख्खा उतरवला. आत धक्का झेलणारी एक आडवी पट्टी होती, तीही काढली, कारण आता तिचं काम टो बारची आडवी तुळईच करणार होती. चॅसीतल्या भोकांवर मेण मारलं, मग बोल्ट आधी हाताने बसवले आणि शेवटी टॉर्कच्या पान्याने एकेक आवळून त्यावर पांढऱ्या पेनाने रेघ ओढली. ‘‘हजारेक किलोमीटर झाले की परत आण, पुन्हा तपासू,’’ म्हणाला. मग पॉलिश पेपर घेऊन नव्या कोऱ्या गोळ्यावरचा काळा रंग घासून काढायला लागला. कारण विचारलं तर म्हणाला, कॅरॅव्हॅनचा डोल आवरणारं कपलिंग गोळ्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतं. तिथे रंग किंवा ग्रीस असेल तर त्याची पकड सुटते. घरी येऊन मी विमा कंपनीला कळवलं, तेही विसरू नये.

यापुढे तुम्हाला कुणी विचारायला येत नाही. एमओटीच्या वार्षिक तपासणीत दांडा आणि सॉकेट पाहतात, पण कॅरॅव्हॅनमध्ये तुम्ही काय भरलंत हे कुणी पाहत नाही. रस्त्यात थांबवून वजन केलं तरच. या देशाने नागरिकावर टाकलेला हा विश्वास मला मोलाचा वाटतो, म्हणूनच तो हलक्यात घेऊ नये.

आपल्याकडे तर सामानाला अंत नसतो. तांदळाची दहा किलोची पिशवी, कुकर, पोळपाट, पाण्याचे कॅन, ‘असू दे बरोबर’ म्हणून घेतलेले डबे. हे सगळं मागच्या टोकाला ठेवलं की नाक हलकं होतं आणि वेग वाढला की कॅरॅव्हॅन सापासारखी वळवळते. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसावर ठेवाव्यात. गोळ्यावर खाली किती वजन पडतं, तो आकडाही वेगळा असतो. आमच्या गाडीला ७५ किलो चालतात, दांड्यावर ८० लिहिलंय, म्हणजे ७५च धरायचे. सायकलींचा रॅक लावतानाही हाच आकडा. रॅक १८ किलो, मोठ्यांच्या दोन सायकली १४-१४, मुलांच्या १०-१० मिळून ६६. त्यातली मोठी एक सायकल बदलून २४ किलोची इलेक्ट्रिक लावली की ७६. सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, ही बेरीज फ्रिजवर लिहून ठेवलीय.

वेगही बदलतो. कॅरॅव्हॅन मागे असताना मोटरवेवर ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०. तीन किंवा जास्त लेन असतील तर सगळ्यात उजवीकडची लेन आपली नाही. मागचं डोलायला लागलं तर ब्रेक करकचून दाबू नये, पाय उचलावा आणि स्टिअरिंग सरळ धरावं. रस्ताही आधीच पाहून ठेवावा. थर्स्कहून हेल्म्सलीकडे जाणारा ए-१७० सटन बँकवर चारास एक असा चढतो आणि तिथे कॅरॅव्हॅनना बंदीच आहे. साध्या गाडीसाठीचा नॅव्हिगेटर मात्र तुम्हाला खुशाल तिकडेच पाठवतो.

आम्ही यंदा फायलीला जाणार आहोत. वाट मुख्यतः ए-६४ची. तोवर रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्सचा सराव चालू आहे. सुलभा स्टिअरिंगवर, मी मागे उभा, आणि आई बाकावर बसून ‘‘डावीकडे, अजून डावीकडे’’ सांगतेय.