लूनेचें माहेर

इटालियन मोटारसायकल असे शब्द कानीं पडले कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें तांबडाभडक रंग, दबा धरून बसलेल्या वाघासारखी आकृति आणि तिच्यावर ओणवा झालेला एखादा जवान गडी उभा राहतो. वस्तुस्थिति जरा निराळी आहे. या यंत्रांचें ज्यांना खरें वेड लागलेलें असतें, ते बहुधा साठी उलटलेले गृहस्थ असतात. उत्तर इटलींत कोमो सरोवराच्या कांठीं मांदेल्लो देल लारिओ नांवाचें एक लहानसें गांव आहे. मोटो गुझ्झी या मोटारसायकलींचा कारखाना १९२१ सालापासून तेथें आहे. त्या गांवच्या मेळाव्याला दूरदूरच्या देशांतून म्हातारे स्वार येतात. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे. पण बुडाखालीं चाळीसपन्नास वर्षांची गाडी, आणि तिचा आवाज सुरू होतांच चेहऱ्यावर असा कांहीं भाव, कीं जणू कोणी जुन्या पत्रांचा पुडकाच सोडून बसला आहे.

मी त्या गांवीं गेलेलों नाहीं, आणि आतां प्राध्यापकाच्या निवृत्तिवेतनावर जाईन असेंही दिसत नाहीं. पण या जातीचे म्हातारे पाहण्यासाठीं मला नगरची वेस ओलांडावी लागत नाहीं. असें मी एकदां अध्यापकांच्या खोलींत बोलून गेलों, तेव्हां एक तरुण सहकारी हंसून म्हणाले, “सर, आपल्या नगरांत कुठली आली ड्युकाटी?” ड्युकाटी नसेल, मी बोलत होतों लूनेविषयीं.

लूना आणि इटालियन! वाचकांपैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडली असेल. दूधवाल्याच्या किटल्या वाहणारी, चढावर पायडल मारावें लागणारी, सायकलीची जेमतेम थोरली बहीण शोभेल अशी ती लूना! परंतु दौंड रस्त्यावरचा कारखाना हें तिचें सासर आहे. तिचें माहेर तोस्कानी प्रांतांत, पोंतेदेरा या गांवीं. तेथल्या पियाजिओच्या कारखान्याचा युद्धापूर्वींचा धंदा विमानांचा. दुसऱ्या महायुद्धांत कारखान्यावर बाँब पडले, आणि युद्ध संपल्यावर हरलेल्या देशाला विमानें कोण बनवूं देणार? तेव्हां कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येंतल्या स्थापत्यविशारदाला सांगण्यांत आलें कीं गरिबांसाठीं दोन चाकांचें कांहींतरी काढा. या गृहस्थांना मोटारसायकल मुळींच आवडत नसे. कपड्यांना तेल लागतें, चाक बदलतांना जीव जातो, अशी त्यांची तक्रार. या नावडींतून १९४६ सालीं व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी, जन्माला आली. प्रेमांतून चांगल्या वस्तु निर्माण होतात असें म्हणतात. नावडींतूनही होतात हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याच घरांत १९६७ सालीं चाव नांवाची धाकटी लेक झाली. लहानसें दोन स्ट्रोकचें इंजिन, गिअर नाहीं, आणि सायकलीसारखीं पायडलें. ‘चाव’ हा इटालियनांचा रामराम. त्याचें मूळ व्हेनिसच्या बोलींत असून ‘मी आपला दास’ असा त्याचा अर्थ. वाहनाला याहून चांगलें नांव कोणतें सुचावें? या चावचा नमुना घेऊन १९७२ सालीं एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीनें नगरला लूना काढली. हें घराणें नगरचेंच. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया स्वातंत्र्याच्या चळवळींतले पुढारी आणि १९४६ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. मुलीला सासरीं आल्यावर नवें नांव मिळतें तसें हिलाही मिळालें, पण तेंही माहेरच्याच भाषेंतलें. लूना म्हणजे चंद्र. इंग्रजींत वेडाला जो शब्द आहे तोही या चंद्रावरूनच निघालेला, हें आमच्यासारख्या इंग्रजीच्या मास्तरांना सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आतां ड्युकाटीविषयीं. बोलोन्याच्या या मानी घराण्यानें १९४६ सालीं पहिल्यांदां काय विकलें? मोटारसायकल नव्हे. साध्या सायकलीला खालून बसवावयाचें एक चिमुकलें इंजिन! त्याचें नांव कुच्चोलो, म्हणजे कुत्र्याचें पिल्लूं. ज्या एमव्ही अगुस्ताच्या गाड्यांवर जाकोमो अगोस्तिनीनें आपल्या पंधरा जागतिक विजेतेपदांपैकीं तेरा मिळविलीं, तें घराणेंही विमानांच्या धंद्यांतूनच युद्धानंतर या वाटेला वळलें. मग लूनेला या भावकींतून बाहेर काढण्याचा अधिकार कोणाला? २०१८ सालीं फिरोदिया घराण्यांतल्याच एका कंपनीनें नगरच्या कारखान्यांत परदेशी मोटारसायकली जुळविण्याचा घाट घातला, त्यांत इटालियन गाड्याही होत्या. लाखालाखांच्या त्या गाड्यांचा नगरच्या म्हाताऱ्यांवर कांहींही परिणाम झाला नाहीं.

पुण्यामुंबईकडे हेंच रक्त इतर वाटांनीं आलें. मुंबईंत लँब्रेटा जुळविली जाऊं लागली. बजाज यांनीं पियाजिओशीं करार करून स्कूटर काढली, आणि तो करार संपल्यावर १९७२ सालीं त्याच धर्तीच्या स्कूटरला राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव दिलें. पण स्कूटरसाठीं नंबर लावून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि नगरच्या शिक्षकाच्या पगारांत ती बसतही नसे.

१९७२ हें साल आमच्या जिल्ह्यांत लूनेमुळें कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. तें दुष्काळाचें साल. खडी फोडण्याचीं कामें, सुकडी आणि परदेशी तांबडी मिलो या तीन गोष्टी त्या पिढीच्या बोलण्यांत अजून येतात. पुढल्याच वर्षीं जगांत तेलाचे भाव भडकले. अशा काळांत कपभर पेट्रोलवर गांव गांठून देणारें वाहन लोकांनीं उराशीं धरलें, यांत नवल नाहीं. माझ्या मामांनीं १९७४ सालीं लूना घेतली. ते पारनेर तालुक्यांतल्या एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते. सकाळची एस. टी. चुकली तर शाळा बुडे. लूना आल्यावर शाळा बुडली नाहीं. फक्त कामरगांवच्या चढावर इंजिनाबरोबर मामांनाही दम लागे. “अर्धा चढ ती चढायची, अर्धा मी,” असें ते सांगतात. संसाराविषयींही ते असेंच कांहींसें बोलत, पण मामी जवळ नसतांना.

मामीही याच गाडीवर शिकल्या. त्यांना सायकल येत नव्हती. भिंगारच्या बाजूला एका मोकळ्या मैदानांत मामा गाडीमागें धांवत आणि मामी पदर खोंचून पुढें. त्या काळीं बाईमाणसानें यंत्रावर बसून बाजारांत जावें, ही नगरला लहान गोष्ट नव्हती. या गोष्टीचें श्रेय लोक शाळांना आणि सुधारकांना देतात, तें योग्यच आहे. थोडें या पायडलाच्या गाडीलाही द्यावें.

लूनेची खरी प्रीति कळावयाची असेल तर रविवारीं सकाळीं दिल्ली दरवाजाकडे चहाला यावें. मामा आणि त्यांचे चार मित्र तेथें जमतात. एक एस. टी. च्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, एक शिंपी, एक गवळी, आणि एक माझ्याच धंद्यांतले. त्यांच्या गप्पांत ना राजकारण, ना मधुमेह. सायलेन्सरमध्यें काजळी धरली म्हणजे गाडी चढावर गुदमरते. मग तो सोडवून आगींत जाळावा, थंड झाल्यावर ठोकून काजळी झाडावी. प्लगच्या टोकांत राखेचा कण अडकला तर ठिणगी पडत नाहीं. पॉलिशपेपर खिशांत असावा. पिस्टनच्या रिंगा मिळेनाशा झाल्या आहेत. पण अमुक भंगारवाल्याकडे एक डबा आहे, त्याच्या मुलाला मात्र त्याची किंमत कळूं देऊं नये. हें सर्व ते अशा गंभीरपणें बोलतात, कीं मला आमच्या विद्वत्सभांची आठवण होते. फरक इतकाच कीं येथें बोलणाराला विषय येत असतो. एकदां रस्त्यावरून दुसरी एक लूना गेली. दिसण्यापूर्वींच पांचांनीं माना वर केल्या, आणि शिंपीबुवा म्हणाले, “हवा ओढते आहे. कारबोरेटरचें पॅकिंग गेलें.” गाडी पुढल्या वळणावर बंद पडली. कोणी हंसलें नाहीं. एस. टी. वाले उठून मदतीला गेले.

नगर हें रणगाड्यांचें गांव आहे. येथें चिलखती दलाचें शिक्षण होतें, रणगाड्यांचें मोठें संग्रहालय आहे, आणि सैन्याच्या वाहनांची परीक्षा करणारी सरकारी संस्थाही आहे. त्याच गांवांत देशांतलीं सर्वांत हलक्या वाहनांपैकीं एक तयार व्हावें, हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाहीं. पण संग्रहालयांत रणगाडे बसले आणि लूना रस्त्यावर राहिली, हें मला बरें वाटतें.

ती रस्त्यावर राहावी कीं नाहीं, हाच गेल्या दिवाळींत आमच्या घरीं प्रश्न झाला. मामेभाऊ पुण्याला असतो. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादा, तूंच समजाव बाबांना. ऐंशीचे झाले. बायपासवर ट्रक कसे चालतात तूं पाहतोस. शिवाय ही गाडी किती धूर सोडते!” त्याचें बोलणें खोटें नव्हतें. दोन स्ट्रोकचें इंजिन पेट्रोलबरोबर तेलही जाळतें, आणि थोडें न जळतांच बाहेर टाकतें. त्या निळ्या धुराला मी उदबत्ती म्हणणार नाहीं. धुराचे नियम कडक होत गेले आणि या शतकाच्या आरंभीं अशीं इंजिनें मागें पडलीं, तें सकारणच होतें. कायदाही म्हाताऱ्या गाड्यांवर रुष्ट आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हां करावी लागते. तिची दुचाकीची फी २०२२ च्या एप्रिलपासून तीनशेंवरून हजार झाली, आणि २०२५ सालीं वीस वर्षांपुढच्या गाड्यांना आणखी वाढली.

मामेभावानें एक तोडही काढली होती. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांपुढची आणि मूळ रूपांत राखलेली गाडी ऐतिहासिक ठरविता येते. मामांची लूना २०२४ सालीं पन्नाशीची झाली. तेव्हां तिला तो मान मिळवून द्यावा, दिवाणखान्यांत उभी करावी, नातवंडांनीं फोटो काढावे! मीं हा प्रस्ताव मामांपुढें ठेवला. त्यांनीं शांतपणें नियम विचारले. मीं सांगितलें कीं अशी गाडी प्रदर्शनाला नेतां येते, शर्यतमेळाव्याला नेतां येते, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाही नेतां येते; रोजच्या कामासाठीं मात्र रस्त्यावर आणतां येत नाहीं.

“म्हणजे भाजी आणायची नाहीं?”

“नाहीं.”

“मग मान कसला रे? हा तर सोयराचा शेला झाला. पांघरायला मिळाला, पण घराबाहेर पडायची बंदी!”

मला वाटलें, सहा वर्षांपूर्वीं गेलेल्या मामींच्या आठवणीसाठीं ते गाडी सोडीत नसावेत. आम्हां वाङ्मयाच्या लोकांना असें कारण फार लवकर सुचतें. मीं तें आडवळणानें विचारलेंही. मामा म्हणाले, “तिची आठवण घरभर आहे. त्यासाठीं पेट्रोल कशाला जाळूं? मला बाजारांत जायचें असतें तेव्हां कोणाला विचारावें लागत नाहीं, म्हणून ही गाडी.” मग थोडा वेळ थांबून, “तुझ्या भावाला फोन करून रिक्षा मागवायला हवी असेल, तर तसें सांग.”

मीं कांहीं सांगितलें नाहीं. शेवटीं तडजोड झाली. बायपासवर जायचें नाहीं, दिवस मावळल्यावर गाडी काढायची नाहीं, आणि पुण्याहून आलेलें हेल्मेट घालायचें. हेल्मेटवर मामा रुसले होते, पण रविवारच्या मंडळींपैकीं गवळ्यांनीं तें उलटें धरून त्यांत किती भाजी मावेल याचा हिशेब सांगितला, तेव्हां ते निवळले.

२०२४ सालीं विजेवर चालणारी नवी लूना बाजारांत आली. मामांनीं दुकानांत जाऊन ती सर्व बाजूंनीं पाहिली. धूर नाहीं, तेल मिसळावयाचें नाहीं. “नात चांगली आहे,” एवढेंच बोलून ते परत फिरले.

आतां अडचण वेगळीच आली आहे. गाडीला कांहीं झालेलें नाहीं. मामांचा डावा गुडघा पायडल मारूं देत नाहीं. शेजारीं एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. तो सकाळीं येऊन गाडी स्टँडवर घेतो, जोरानें पायडल फिरवितो, आणि इंजिन लागलें कीं बाजूला होतो. मामा बसून निघून जातात. उन्हाळ्याच्या सुटींत त्यानें धीर करून विचारलें, “आजोबा, मला एक चक्कर मारूं द्याल?” मामा म्हणाले, “लायसन दाखव.” पन्नास सी. सी. खालच्या, बिनगिअरच्या गाडीला सोळाव्या वर्षीं लायसन मिळतें, हा नियम मामांना पाठ आहे.

गेल्या महिन्यांत तो खरोखरच कच्चें लायसन घेऊन आला. मामांनीं तें चष्मा लावून दोनदां वाचलें, मागची बाजूही पाहिली. आणि गाडीची चावी न देतां आधीं त्याच्या हातीं तेलाचें माप दिलें.