दवाखान्याच्याही चालीरीती

आदिवासींच्या चालीरीती डॉक्टर-नर्सना ठाऊक असाव्यात, हे आता सगळेच मानतात. दवाखान्यालाही स्वतःच्या चालीरीती असतात, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. पांढरा कोट, खाटांच्या लांबलचक रांगा, भेटीच्या ठरलेल्या वेळा, 'एकच नातेवाईक थांबा' ही दटावणी, यातलं थोडंच वैद्यकशास्त्रातून आलेलं आहे. बाकीचं शहराच्या अंगवळणी पडलेलं आहे आणि ते रानातून आलेल्या माणसाने निमूट पाळावं, अशी आपली अपेक्षा असते.

राणी आणि अभय बंग हे डॉक्टर दांपत्य 1986 साली गडचिरोलीत कामाला लागलं. पुढे रुग्णालय उभं करायचं ठरलं, तेव्हा ते कसं असावं हे त्यांनी गोंड लोकांनाच विचारलं. उत्तरं अगदी रोखठोक आली. आमच्यात मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतात आणि तुमचे डॉक्टर पांढऱ्यातच वावरतात, मग भीती वाटणार नाही तर काय? सोबतच्या माणसांना बाहेर काढता, ते का? शोधग्राम या त्यांच्या संकुलातलं रुग्णालय त्यातून आकाराला आलं. गोंडांच्या पाड्यातल्यासारख्या झोपड्या झाल्या, रोग्यापाशी घरची माणसं राहू लागली आणि रुग्णालयाला नाव मिळालं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. काहींना हे नुसतं सजावटीसारखं वाटेल. मला तो उपचाराचाच भाग वाटतो, कारण घाबरून पळून गेलेल्या रोग्यावर कोणतंच औषध चालत नाही.

विदर्भातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी याच्या उलट पाहिलं आहे. तिथल्या एका खाटेवर एक माडिया आदिवासी बाई होती. तिची भाषा समजणारी एकटी तिची बहीण, आणि भेटीची वेळ संपली म्हणून नर्सने तिला बाहेर पाठवलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "इथे दुखतं का?" बाईने मान हलवली. "मग इथे?" पुन्हा तशीच मान हलली. केसपेपर भरला गेला. नर्स काही वाईट नव्हती. सगळा वॉर्ड तिच्या एकटीच्या गळ्यात होता. पण त्या कागदावर जे लिहिलं गेलं त्याची धास्ती मला अजून वाटते, कारण पुढचं सगळं औषधपाणी त्यावरच ठरणार होतं.

बंगांच्या कामातली मला सर्वात मोलाची वाटणारी वस्तू फार लहान आहे. बालकांच्या न्यूमोनियाची खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास पडले, तर धोका. पण गावातल्या सुइणींना दहा-बारापर्यंतच मोजता येई. अशा वेळी त्यांना निरक्षर ठरवून बाजूला सारणं सोपं होतं. बंगांनी मोजायचं साधनच बदललं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे असं धरायचं. निदानाचा निकष कुठेही ढिला केला नाही. सुईणबाईला जेवढं येत होतं, तिथून सुरुवात केली. पुढे गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून 39 गावांत नवजात बाळांवर घरीच उपचार झाले. बालमृत्यू घटल्याचं ते संशोधन 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता अवघड भाग. मेळघाटात कोरकू आदिवासींच्या बाळाचं पोट फुगलं की त्यावर तापल्या लोखंडाचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. याला संस्कृती म्हणून सोडून देता येणार नाही, बाळ भाजतं. म्हणून चालीरीतींचा आदर म्हणजे सगळ्याला मान डोलावणं नव्हे. पण भाजलेलं बाळ घेऊन आई दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तिचा भूमकावर, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूवर, आणि डॉक्टरवर अशा दोघांवरही विश्वास असतो. तिथेच तिला अडाणी म्हणून झापलं, तर पुढच्या वेळी ती चटके लपवेल, आणि त्यांच्यासोबत बाळाची धापही लपेल. आधी बाळाला तपासावं, आईला बसायला सांगावं. पोट कधीपासून फुगलं, भूमकाने काय सांगितलं, हे तिला कळेल अशा भाषेत विचारावं, आणि चटक्यांबद्दलचं स्पष्ट बोलणं बाळाला उतार पडल्यावर, तिच्या सासूलाही समोर बसवून करावं.