फेरीचा दर

भिलाईच्या मरोदा सेक्टरमध्ये नातलगांकडे मुक्कामास गेलो, की सायंकाळी पायी फिरणे ठरलेले असते. जवळच नेवई येथे छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाचा परिसर आहे. 2005 मध्ये या विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले. गेल्या खेपेस त्या बाजूने जाताना मला माझी एक जुनी टिपणी आठवली. ती आठवण सुखद नव्हती.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातील एका शैक्षणिक संस्थेच्या वित्तविषयक समितीवर मी होतो. तेथील वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ओला व सुका कचरा वेगळा करण्यास आरंभ केला. ओल्याचे खत होऊ लागले. रद्दी, बाटल्या भंगारवाल्याकडे जाऊ लागल्या. कचरा डोळ्यांदेखत घटला, देयके मात्र घटली नाहीत. नस्ती मागवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. कंत्राटदारास मोबदला ट्रकच्या फेरीमागे होता. ट्रक अर्धा रिकामा जाई, फेऱ्या तितक्याच होत. त्या अटीखाली संमतीची स्वाक्षरी माझी होती! मुलांनी वाचविलेला पैसा अर्थशास्त्राच्या एका पदवीधराने वाऱ्यावर सोडला होता.

भिलाईत मात्र निराळा धडा मिळतो. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. लोखंडासोबत धातुमळीही निघते. तिच्यावर पाण्याचा मारा करून ती झटपट थंड केली, की तिचे दाणे बनतात आणि ते दळून सिमेंटमध्ये मिसळता येतात. जामुलचा सिमेंट कारखाना 1965 पासून शेजारी आहे. गिऱ्हाईक दाराशी असल्यावर मळीला कचरा कोण म्हणेल?

विद्यापीठातील रद्दीलाही असाच भाव असतो. तिची चिंता प्रशासनाने फारशी करू नये. खरा प्रश्न खानावळीतल्या उष्ट्याचा आहे. त्याला गिऱ्हाईक नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोहून अधिक कचरा करणाऱ्या विद्यापीठांना मोठे कचरा-उत्पादक मानले, आणि मोठ्या आवाराच्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असे सांगितले. परंतु नियम एक सांगतो आणि कंत्राटाचा दर दुसरेच शिकवतो, तेव्हा जय दराचाच होतो.

पुढील निविदेसाठी मी तीन अटी सुचविल्या : वाहतुकीचा मोबदला मासिक व ठरावीक असावा, मिश्र कचऱ्यामागे कपात व्हावी, आणि खानावळीतील उष्टे रोज तोलून त्याचे वजन फलकावर लिहावे. त्यानंतर माझी बदली झाली. परिणाम पाहण्याचे भाग्य लाभले नाही.

आपण ज्या गावी, ज्या संस्थेत असाल, तेथील कचऱ्याचा करार एकदा मागवून वाचावा. मोबदला नेमका कशाचा दिला जातो, एवढेच पाहावे.