घरच्यांचा उपचार

व्यसनी माणूस हा रुग्ण असतो, हे आपण आता कुठे मान्य करू लागलो आहोत. त्याच्या आईला मात्र अजूनही ‘तूच लाडावून ठेवलंस’ हेच ऐकावं लागतं. या वाक्याची मला मनापासून चीड येते. उधारी फेडणं, कामावर ‘ताप आहे’ म्हणून कळवणं, शेजारपाजाऱ्यांपासून लपवणं, हे सगळं तिने मायेपोटीच केलेलं असतं. त्याच मायेचा व्यसनाला आडोसा मिळतो, हे तिला दोष न देता समजावणारं कुणीतरी हवं.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. अल-अ‍ॅनॉन ही स्वमदत संघटना तर १९५१ पासून मद्यपींच्या नातेवाइकांसाठीच सभा घेते. व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही आणि ते आवरणं किंवा बरं करणं तुमच्या हातात नाही, हे तिथे पहिल्यांदा कळतं. केवढं ओझं उतरत असेल!

आज मावशीशी बोलताना हेच मनात होतं. तिचा मुलगा, आमचा दादा, दोन महिने प्यायलेला नाही, तरी ती रोज त्याचे खिसे चाचपते. तो उशिरा आला की तिला धडधडतं. काकांचं तर कुणाशी बोलणंच बंद झालंय. बापमाणसं अशा सभांना क्वचित जातात. त्यांना घेऊन जाणारं कुणी हवं. रविवारी काकांना घेऊन जायचं ठरवलंय.