पहिल्या तर्काची पकड

बगचे कारण शोधणाऱ्या डेव्हलपरला एखादा पटण्याजोगा तर्क सुचला, की त्याची नजर बदलते. लॉगमधल्या जुळणाऱ्या ओळी ठळक दिसू लागतात, न जुळणाऱ्या वाचूनही मनात उतरत नाहीत. मानसशास्त्रात याला पुष्टीकरणाचा पूर्वग्रह म्हणतात. आळसाशी किंवा अज्ञानाशी त्याचा संबंध नाही. अनुभवी माणसाला पटणारा तर्क लवकर सुचतो, त्यामुळे तोही यात सहज सापडतो.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये हा प्रकार एका साध्या प्रयोगातून दाखवला. २, ४, ६ ही त्रिकुटी एका नियमात बसते. आणखी त्रिकुट्या सुचवून तो नियम ओळखायचा. अनेकांनी दोन-दोनने वाढणाऱ्या संख्या असा अंदाज बांधला आणि ८, १०, १२ यांसारख्याच त्रिकुट्या पुढे केल्या. दर वेळी होकार येई आणि खात्री वाढे. खरा नियम एवढाच होता, की संख्या चढत्या क्रमाने असाव्यात. आपला अंदाज मोडून पाहणारी त्रिकुटी सुरुवातीला फार थोड्यांनी विचारली.

स्वतःच्या कोडच्या टेस्ट लिहिणारा नेमके हेच करतो. ज्या इनपुटचा विचार कोड लिहिताना झाला, तेच टेस्टमध्ये उतरते. म्हणूनच ग्लेनफर्ड मायर्स यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात चुका सापडाव्यात या हेतूने प्रोग्राम चालवणे, अशी टेस्टिंगची व्याख्या केली.

या पूर्वग्रहाची किंमत थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या प्रकरणात माणसांनी जिवाने मोजली. १९८५ ते १९८७ दरम्यान कॅनडा आणि अमेरिकेत सहा रुग्णांना त्यातून प्रचंड जादा मात्रा मिळाली. जुलै १९८५ मध्ये ओंटारिओतल्या हॅमिल्टन इथे झालेला अपघात उत्पादकांना पुन्हा घडवून पाहता आला नाही. तरीही संशय एका मायक्रोस्विचवर ठेवून त्यांनी बदल केले आणि सुरक्षितता किमान लाखपट वाढल्याचा दावा केला. पुढच्या वर्षी टेक्ससमधल्या टायलर इथे आणखी दोन रुग्ण सापडले. तिथल्या पहिल्या अपघातानंतरही जादा मात्रा जाणे शक्यच नाही, असे रुग्णालयाला सांगण्यात आले. अखेर रुग्णालयाचा भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी चिकाटीने तो बिघाड पुन्हा घडवला. पडद्यावर चुकीचा पर्याय भरून ८ सेकंदांच्या आत दुरुस्त केला, तर यंत्राला तो बदल कळतच नव्हता. हीच चूक आधीच्या थेरॅक-२० मध्येही होती. तिथे स्वतंत्र हार्डवेअर संरक्षणामुळे ती झाकली गेली आणि कोडवरचा विश्वास मात्र वाढत राहिला. नव्या यंत्रातून ते संरक्षण काढले होते.

कळीचे आहे ते बग पुन्हा घडवून पाहणे. दुरुस्तीआधी बग दाखवणारी, नापास होणारी टेस्ट लिहावी; दुरुस्तीनंतर ती पास व्हावी आणि दुरुस्ती काढताच पुन्हा नापास व्हावी. हे तिसरे पाऊल घाईत गळते, आणि तर्क खोटा असेल तर तो बहुधा तिथेच उघडा पडतो.

कामाला किती वेळ लागेल हे सांगतानाही पहिलीच गोष्ट मनावर बसते. एमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांच्या १९७४ च्या लेखात एक प्रयोग आहे. चक्र फिरवून आलेला आकडा दाखवायचा, मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, ते विचारायचे. १० आकडा पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्यक २५ होता, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. मग बैठकीत वरिष्ठाने सहज उच्चारलेले ‘दोन आठवड्यांत होईल ना?’ किती जड पडत असेल! जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडलेल्या प्लॅनिंग पोकरमध्ये सगळे आपापला अंदाज पत्त्यावर निवडतात आणि पत्ते एकदम उघडतात. पहिला आकडा कोणाच्या कानावर पडत नाही, हे त्याचे मोठे बळ. मात्र सगळ्यांचाच अंदाज आशावादी असेल, तर पत्ते काही करू शकत नाहीत. तिथे मागच्या तशाच कामाला प्रत्यक्षात लागलेला वेळ समोर ठेवावा लागतो.

बुडीत खर्चाचा मोह याच घरातला. सहा महिने खपून उभा केलेला मॉड्यूल चुकीच्या पायावर आहे हे कळूनही टीम त्याला ठिगळे लावत राहते. तो आज हाती आयता मिळाला असता तर ठेवला असता का, हा प्रश्न टीमबाहेरच्या माणसाने विचारला तर उत्तर अधिक मोकळेपणाने मिळते.